कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या भरून येतात. कोक्यू-टेनच्या कॅप्सूल सुरू करू का?

बागवाला_मोहाडी
९ जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

वय ५६. मोहाडी शिवारात चार एकर द्राक्षबाग, घर नाशकात मखमलाबाद नाक्याला. गेल्या श्रावणात बागेतून येताना छाती भरून आली, डाव्या हाताला मुंग्या. अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हापासून रात्री कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन (स्टॅटिन गटातलं औषध) ४० मिलिग्रॅम, शिवाय रक्त पातळ करायला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ होतं, दिवाळीच्या रिपोर्टात ७१ आलं. डॉक्टर खूश, मीही खूश.

पण दिवाळीनंतर मांड्या धरायला लागल्या. दिवसभर कुदळ मारली की दुसऱ्या दिवशी मांडी जशी भरून येते, अगदी तसं, फक्त कुदळ न मारता. पाटावरून उठताना एक हात जमिनीला आणि दुसरा गुडघ्यावर टेकावा लागतो. घडांची विरळणी करताना हात वर धरून उभं राहावं लागतं, तर दहा मिनिटांत खांदे गळून जातात. मी ३० वर्षं विरळणी करतोय, हे असं कधी झालं नाही. पांडवलेणी एका दमात चढायचो, गेल्या रविवारी दोनदा बसलो.

पुण्याचा भाचा आला होता. तो म्हणाला, मामा, ही गोळी शरीरातलं कोक्यू-टेन, म्हणजे स्नायूंना ऊर्जा मिळवून देणारा पदार्थ, संपवते, ते बाहेरून घ्या. नारिंगी रंगाच्या मऊ कॅप्सूलची बाटली देऊन गेला. १०० मिलिग्रॅमच्या ३० कॅप्सूल, किंमत १,१५० रुपये. म्हणजे वर्षाचे चौदा हजारांच्या आसपास झाले. बाटली अजून फोडलेली नाही.

एक चूकही सांगून टाकतो. डिसेंबरात आठ दिवस कोलेस्टेरॉलची गोळी मी मनानेच बंद केली होती. तिसऱ्या दिवशी हलकं वाटलं. परत सुरू केली, दुसऱ्याच दिवशी मांड्या दुखायला लागल्या. बायको म्हणते, आणखी पुरावा काय पाहिजे, टाकून द्या ती गोळी. स्टेंट आहे म्हणून माझी हिंमत होत नाही.

बाकी तब्येत ठीक. वजन चार किलोने वाढलंय, बागेत चालणं कमी झाल्यामुळे असेल. थंडीचं तर विचारू नका. निफाडकडे पारा उतरला की इकडेही पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, घड वाचवायला. यंदा मला भर दुपारीही स्वेटर काढवत नाही.

तर विचारायचं ते हे: खरंच अशी कमतरता होते का? कॅप्सूल घेऊन दुखणं जातं का? आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर चालते का?

---

पंचवटी_मेडिकल
९ जानेवारी, रात्री १०:४५

दादा, पहिली गोष्ट आधी. स्टेंट बसून सहा महिनेही झालेले नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करू नका, एक दिवसही नाही. दुखतंय ते खरं आहे, त्यावर उपायही आहेत. डॉक्टर डोस कमी करतात, दुसरं स्टॅटिन देतात, नाहीतर वेगळ्या प्रकारचं औषध देतात. पण ते त्यांनी करायचं. आमच्या काउंटरवर दर आठवड्याला एक तरी माणूस येतो, ज्याने हीच गोळी परस्पर सोडलेली असते आणि घरी कुणाला सांगितलेलं नसतं. तुम्ही निदान इथे तरी सांगितलंत, उद्या डॉक्टरांनाही सांगा.

आता कॅप्सूलबद्दल. कोक्यू-टेनची भांडणं प्रामुख्याने वॉरफरिनशी, म्हणजे रक्त पातळ करायच्या एका वेगळ्या गोळीशी. त्याची रचना व्हिटॅमिन के सारखी आहे, त्यामुळे वॉरफरिनचा जोर कमी होऊ शकतो. तुम्हाला वॉरफरिन नाही. पण ती सुरू करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून करा, बीपीची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण काहींचं बीपी थोडं उतरतं. रिकाम्या पोटी घेतली तर नीट अंगी लागत नाही, तेलातुपाच्या जेवणाबरोबरच घ्यावी लागते. काहींना मळमळ आणि जुलाब होतात.

बाटली उलटी करून बघा. बहुतेक अशा बाटल्यांवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थांच्या सरकारी परवान्याचा क्रमांक असतो, म्हणजे ती पूरक आहार म्हणून विकली जाते, औषध म्हणून नाही. वाईट म्हणून सांगत नाही. पण मांडीचं दुखणं बरं होतं असं त्या कंपनीला कुणापुढे सिद्ध करावं लागलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

एक विचारतो: दिवाळीच्या सुमाराला घसा, खोकला, दाढ अशा कशासाठी अँटिबायोटिक घेतलं होतं का? क्लॅरिथ्रोमायसिन ॲटोरव्हास्टॅटिनबरोबर पडलं की स्टॅटिन रक्तात साचतं आणि स्नायू दुखतात. बुरशीच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं.

---

निवृत्त_बाई_कॉलेजरोड
१० जानेवारी, सकाळी ११:१०

दादा, मी नाशकातच ३१ वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. डॉक्टर नाही, तेव्हा कोणती गोळी घ्यायची ते मी सांगणार नाही. पण ‘कमतरता’ या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे, कारण तो शब्द फार सैल वापरला जातो आणि त्यात माणसं फसतात.

शरीरातली कामं विकरं करतात, म्हणजे एन्झाइम. पुष्कळ विकरांना एकट्याने काम जमत नाही, सोबतीला एक छोटा रेणू लागतो. तो सहविकर, को-एन्झाइम. बहुतेक सहविकरं ब गटातल्या जीवनसत्त्वांपासून तयार होतात आणि ही जीवनसत्त्वं जवळजवळ सगळी ताटातून यावी लागतात. ताटात नसली की माणूस खाटेला खिळतो. पॉलिशच्या तांदळावर जगणाऱ्यांना नसा आणि हृदय दुबळं करणारा बेरीबेरी व्हायचा तो बी-वन गेल्यामुळे. आपल्या दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे कातडी काळवंडून सोलणारा आजार, झाल्याच्या नोंदी आहेत, तो नायसिनच्या, म्हणजे बी-थ्रीच्या ओढाताणीमुळे. याला कमतरता म्हणतात. दिलं की माणूस उठून बसतो, इतका स्पष्ट फरक पडतो.

कोक्यू-टेनचं तसं नाही. ते जीवनसत्त्व नाही. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी ते स्वतः बनवते. १९५७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला फ्रेडरिक क्रेन यांनी बैलाच्या हृदयातल्या मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातून, ते वेगळं केलं, पुढच्या वर्षी कार्ल फोकर्स यांच्या गटाने रचना ठरवली. त्याच्या शेपटीत एकसारखे दहा तुकडे असतात, म्हणून दहा. पेशीत अन्नापासून ऊर्जा निघते तेव्हा इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोचवायचं काम ते करतं, आणि त्यातून शेवटी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं. (हे एटीपी १९२९ साली स्नायूत शोधून काढणाऱ्यांत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. दर वर्षी वर्गात हे सांगताना माझा आवाज भरून यायचा.) हृदय आणि स्नायू सतत राबतात, म्हणून तिथे कोक्यू-टेन जास्त. खाण्यातून मांस, मासे, शेंगदाणे, तीळ, सोयाबीन यांतून रोज काही मिलिग्रॅम मिळतं तेवढंच, बाकी सगळं घरचं उत्पादन.

आता स्टॅटिन. कोलेस्टेरॉल आणि कोक्यू-टेनची शेपूट ही दोन्ही एकाच चारीच्या पाण्यावरची शेतं समजा. स्टॅटिन ती चारी वरच्या अंगाला, दारापाशीच आवळतं. त्यामुळे दोन्ही शेतांचं पाणी कमी होणार, हे तुमच्या भाच्याचं म्हणणं इथपर्यंत बरोबर. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तातलं कोक्यू-टेन घटतं, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण ते रक्तात फिरतं एलडीएलच्याच पाठीवर बसून. एलडीएल निम्मं झालं की रक्तातलं कोक्यू-टेनही कमी दिसणारच. तेवढ्यावरून मांडीच्या स्नायूत तुटवडा आहे असं म्हणता येत नाही, आणि स्नायूतल्या मोजणीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कॅप्सूल देऊन दुखणं कमी होतं का, याच्या चाचण्याही तशाच. काहींत थोडा फरक, काहींत औषध नसलेल्या खोट्या गोळीइतकाच.

खऱ्या तुटवड्याचं उदाहरण वेगळं आहे. काही मुलांच्या जनुकांतच हे बनवायचं काम बिघडलेलं असतं. मेंदू, मूत्रपिंड, स्नायूंवर परिणाम होतो. आजार अगदी दुर्मिळ, पण त्यातल्या काही मुलांना लवकर आणि मोठ्या मात्रेत दिलं तर उपयोग होतो. हृदय कमजोर झालेल्यांवरही एक अभ्यास २०१४ मध्ये आला. ४२० रुग्ण, रोज ३०० मिलिग्रॅम, दोन वर्षं. हृदयाच्या गंभीर घटना कॅप्सूलवाल्यांत १५ टक्के आणि दुसऱ्या गटात २६ टक्के. आशादायक आहे, पण तो हार्ट फेल्युअरचा अभ्यास होता. तुमच्या मांड्यांबद्दल तो काही सांगत नाही.

तुमच्या आठ दिवसांच्या प्रयोगाबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. तुम्हाला दुखलं ते खरंच दुखलं. २०२० साली इंग्लंडमध्ये ६० माणसांवर एक अभ्यास झाला, सगळी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली. त्यांना १२ महिन्यांच्या १२ बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी, चार रिकाम्या. रोजच्या त्रासाला त्यांनी स्वतः गुण दिले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास वाढला, त्याचा ९० टक्के भाग खोट्या गोळीच्या महिन्यांतही होता. गोळी थांबवली की थोड्याच दिवसांत बरं वाटायचं, दोन्ही प्रकारच्या गोळ्यांत. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी स्टॅटिन परत सुरू केलं. काळजी लागलेलं शरीर दुखतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, हा पुरावा धरता येत नाही.

आणि तरीही तुमचं सगळं दुखणं त्यातलं आहे असं मला वाटत नाही. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. पाटावरून उठता येत नाही. हात वर धरवत नाहीत. चार किलो वजन वाढलं. दुपारी स्वेटर काढवत नाही. दादा, तुमची थायरॉइडची तपासणी शेवटची कधी झाली? थायरॉइड मंद झाला की स्नायू दुखतात आणि जड होतात, थंडी सोसत नाही, वजन चढतं. शिवाय एलडीएल वाढतं, आणि अशा माणसाच्या स्नायूंना स्टॅटिन जास्त बाधतं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा टीएसएच (थायरॉइड मंद झाला की हा आकडा वाढतो), सीपीके (स्नायूंना इजा झाली की हा वाढतो), व्हिटॅमिन डी, बी-ट्वेल्व्ह यांचं नाव काढा. तपासायचं की नाही ते तेच ठरवतील.

---

गंगापूररोड_सायकल
१० जानेवारी, दुपारी ३:३०

मी ४८ वर्षांचा. दीड वर्ष कोक्यू-टेन घेतोय, २०० मिलिग्रॅम. त्र्यंबकच्या चढाला दम कमी लागतो. माझा अनुभव चांगला आहे, मामांनी दोन महिने घेऊन पाहायला काय हरकत आहे? नुकसान तर काही नाही.

---

सिडकोची_लेक
१० जानेवारी, रात्री ८:०५

गंगापूररोडचे दादा, तुम्हाला गुण आला तर चांगलंच आहे. पण ‘नुकसान तर काही नाही’ या वाक्याने आमचं एक वर्ष गेलं, म्हणून लिहिते.

आईला ११ वर्षांपासून साखर, मेटफॉर्मिन चालू. तीन वर्षांपूर्वी तळपायांची आग सुरू झाली. ओळखीतल्या एकाने सांगितलं की ही शक्तीची कमतरता आहे, आणि एक डबाच घरपोच आला. कोक्यू-टेन, अल्फा लायपोइक नावाचं आम्ल, नाना जीवनसत्त्वं एकत्र. महिन्याला २,४०० रुपये. आई म्हणायची, जरा बरं वाटतंय. आम्हालाही वाटायचं, काहीतरी करतोय ना आपण.

चैत्रात ती मैत्रिणींबरोबर रामकुंडावर गेली. दुपारची वेळ, फरशी तापलेली. सगळ्या जणी पाय उचलत उचलत सावलीला पळाल्या आणि आई तिथेच अनवाणी उभी राहून ओटी भरत होती. मैत्रीण ओरडली तेव्हा तिने खाली पाहिलं. घरी आल्यावर डाव्या तळव्याला रुपयाएवढा फोड. तिला चटका लागलाच नव्हता. मग मला आठवलं, दोनतीन महिन्यांपासून तिची चप्पल चालता चालता मागे सुटून राहायची आणि तिला कळायचं नाही. मी तिलाच रागावायचे, नीट बघून चाल म्हणून.

बी-ट्वेल्व्ह तपासलं, ११८ आलं, लॅबच्या खालच्या मर्यादेच्या खूप खाली. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलं की बी-ट्वेल्व्हचं शोषण घटू शकतं, त्यात आम्ही शाकाहारी, दूधही आईला फार चालत नाही. इंजेक्शनं सुरू झाली. आग बरीच कमी झाली, पण पूर्ण संवेदना आलेली नाही. डॉक्टर म्हणाले, नस जितकी जास्त दिवस उपाशी राहते तितकी ती परत यायला अवघड. ते एक वर्ष मला परत मिळणार नाही.

आणखी एक. त्या डब्यातल्या गोळीत बी-सिक्स भरपूर होतं. बी-सिक्स महिनोन्‌महिने जास्त गेलं तर त्यानेच पाय बधिर होतात, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. तेव्हा बाटलीत काय काय आहे ते सगळं वाचा, फक्त मोठ्या अक्षरातलं नाही.

मोहाडीचे काका, तुमच्यासारखाच माझ्या वडिलांना स्टेंट आहे. कृपा करून गोळी सोडू नका.

---

बागवाला_मोहाडी
१० जानेवारी, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्या आईंचं वाचून मी बायकोला हाक मारली आणि तिलाही वाचायला दिलं. तिला साखर आहे, मेटफॉर्मिन सात वर्षं. उद्या दोघांचीही तपासणी करतो.

मेडिकलवाले भाऊ, अँटिबायोटिक घेतलेलं नाही. बाई, थायरॉइड कधीच तपासला नाही. तो बायकांचा आजार असं आमच्याकडे समजतात.

आज दिवसभर बागेत एकच विचार डोक्यात होता. पान पिवळं पडलं की शेजारचा म्हणतो फेरस मार, औषधवाला म्हणतो झिंक मार. मी गेली १५ वर्षं तसं करत नाही. खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावरची एप्रिलची छाटणी) दीडेक महिन्याने देठ तोडून, धुऊन, कागदी पिशवीत घालून लॅबला पाठवतो. रिपोर्ट आला की मगच टाकी भरतो. आमच्या खालच्या पट्ट्यात जमीन चुनखडीची आहे. तिथे लोह मातीत भरपूर आहे, मुळांना घेता येत नाही एवढंच. वरून कितीही ओतलं तरी वाया. एकदा पानं अशीच पिवळी पडली, सगळे म्हणाले लोह कमी, आणि मुळं उकरली तर गाठीच गाठी, सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे. एवढं वेलीसाठी कळतं मला. आणि स्वतःसाठी १,१५० रुपयांची बाटली उशाशी ठेवून झोपलोय.

---

पंचवटी_मेडिकल
१० जानेवारी, रात्री ११:००

दादा, उद्या रक्त द्यायच्या आधी एक गोष्ट. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनची मोठ्या डोसची गोळी घरात कुणी घेत असेल तर लॅबला आधी सांगा, शक्य तर दोनतीन दिवस थांबवून मग रक्त द्या. बायोटिन हेही एक सहविकर. त्याने शरीर बिघडत नाही, पण काही मशिनवरचा थायरॉइडचा आणि हृदयाच्या ट्रोपोनिनचा (हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी) आकडा चुकीचा येतो. स्टेंटवाल्या माणसाच्या बाबतीत ट्रोपोनिन चुकणं परवडणारं नाही. सीपीकेसाठी आदल्या दिवशी बागेत जड काम करू नका. फवारणीचा पाइप ओढून आलात तरी आकडा वाढलेला येईल.

---

बागवाला_मोहाडी
१९ जानेवारी, सायंकाळी ७:१५

रिपोर्ट आले. जसेच्या तसे लिहितो.

टीएसएच ३८.६ (लॅबची वरची मर्यादा ४.५). सीपीके ५२० (वरची मर्यादा १९०). व्हिटॅमिन डी १४, कमी. बी-ट्वेल्व्ह ३१०, ठीक. बायकोचं बी-ट्वेल्व्ह १६२, कमी, तिची इंजेक्शनं कालपासून सुरू झाली. तळपायाला मुंग्या येतात हे तिने मला कधी सांगितलंच नव्हतं, डॉक्टरांनी विचारल्यावर पहिल्यांदा बोलली.

आठ दिवस गोळी बंद केली होती हेही डॉक्टरांना सांगितलं. रागावले नाहीत, वही काढून तारीख लिहून घेतली. थायरॉइडची गोळी २५ मायक्रोग्रॅमने सुरू केलीय. हृदयाचा माणूस म्हणून हळूहळू वाढवायची म्हणाले. पहाटे उपाशी पोटी, चहाच्या आधी अर्धा तास. ॲटोरव्हास्टॅटिन ४० चं २० केलंय, बंद नाही. सीपीके मर्यादेच्या दहापट गेलं असतं किंवा लघवी काळपट झाली असती तर लगेच थांबवलं असतं, असं म्हणाले. तसं काही झालं तर रात्री-बेरात्रीही फोन करा म्हणाले.

बाटली बरोबर नेली होती. त्यांनी नीट पाहिली, खिल्ली उडवली नाही. म्हणाले, आत्ता सुरू केलीत आणि दोन महिन्यांनी बरं वाटलं, तर ते थायरॉइडमुळे की डी मुळे की हिच्यामुळे, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. एका वेळी एकच बदल करू.

---

निवृत्त_बाई_कॉलेजरोड
१९ जानेवारी, रात्री ९:००

दादा, ३८ म्हणजे पुष्कळच झालं. बरं झालं कळलं. आता धीर धरा, टीएसएच उतरायला सहा ते आठ आठवडे लागतात, स्नायूंना त्याहून जास्त. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घेत असाल तर थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनीच, नाहीतर ती शोषली जात नाही. आणि थायरॉइड जागेवर आला की कोलेस्टेरॉल पुन्हा तपासून घ्या. काही भाग त्याचाच असू शकतो.

---

गंगापूररोड_सायकल
१९ जानेवारी, रात्री ९:४०

मामा, माझं आधीचं बोलणं घाईचं होतं. मी कुठलीही तपासणी न करता घेतोय हे तुमचा रिपोर्ट वाचताना लक्षात आलं. कॅप्सूल सुरू केली त्याच महिन्यात मी आठवड्यातून चार दिवस सायकल चालवायलाही लागलो होतो. कशाने फरक पडला हे मला तरी सांगता येणार नाही.

---

बागवाला_मोहाडी
६ एप्रिल, सकाळी ६:५०

कुणी शोधत इथवर आला तर शेवट कळावा म्हणून लिहितो.

टीएसएच ३८.६ वरून ९.१ वर आलं. गोळी आता ५० मायक्रोग्रॅम. सीपीके २१०. एलडीएल २० च्या डोसवरही ६८. थायरॉइडचाही त्यात हातभार होता असं डॉक्टर म्हणाले. डी ची साठ हजारांची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे झाली. वजन दोन किलो उतरलं.

मांड्या पूर्ण मोकळ्या झालेल्या नाहीत. पण फेब्रुवारीत माल काढायला मी क्रेट उचलले, आणि पाटावरून उठताना आता एकच हात टेकतो. बायकोच्या मुंग्या निम्म्याने कमी. काल पांडवलेणी चढलो. एकदा बसलो, मधल्या वळणावर, आणि तेही ती दमली म्हणून.

कॅप्सूलची बाटली कपाटात आहे, सील तसंच. जूनमध्ये टीएसएच जागेवर आलं आणि तरीही दुखलं, तर तेव्हा दोन महिने घेऊन बघू, रोज दुखण्याला दहापैकी गुण लिहायचे, असं डॉक्टरांशी ठरलंय. वही आत्तापासूनच सुरू केलीय. आजचा आकडा तीन.

परवा खरड छाटणीला मजूर येतायत.